कापसाच्या बोळ्याचा वास

लवंगेच्या तेलाची बाटली फुटली तेव्हा मी तिच्या शेजारीच उभी होते.

डोंबिवलीतला माझा दातांचा दवाखाना म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एका बाजूला शिकवणीचे वर्ग, दुसऱ्या बाजूला ब्लाउज शिवणाऱ्या बाई. बाटली नवीकोरी, गळ्यापर्यंत भरलेली. फरशीवर आपटून तिचे तुकडे झाले आणि तेल वाहत वाहत पेशंटच्या खुर्चीखाली गेलं. मी म्हटलं, ‘काचा जपून उचल गं,’ आणि हातातला एक्स-रे उजेडात धरून बघत राहिले.

कुणी काचा उचलेना म्हणून मागे वळले. माझी मदतनीस ओढणीने नाक दाबून दारात उभी होती.

‘मॅडम, केवढा रॉकेलचा वास मारतोय!’

‘रॉकेलचा? अगं, लवंगेचं तेल आहे ते.’

‘माहितीये मला लवंगेचं आहे. पण रॉकेलचा येतोय ना, मी काय करू?’

तेवढ्यात शिकवणीचे सर बाहेर आले. ‘काय डॉक्टर, मसाल्याचं दुकान टाकलंत का? माझी पोरं शिंकून शिंकून बेजार झालीत.’ शेजारच्या बाईंनीही मशीन थांबवून खिडकी उघडली. अख्खा मजला त्या वासाने भरून गेला होता आणि मला काही म्हणजे काही येत नव्हतं. तोंडावर मास्क होता, पण आमचा तो जाड मास्क जंतू अडवतो, वास अडवत नाही. मी मास्क खाली ओढला, खाली वाकले आणि तेलाच्या थारोळ्यावर नाक नेलं. स्वच्छ पाण्यावर वाकल्यासारखं वाटलं.

त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

आम्हा दोघींनाही दुसऱ्या लाटेत करोना होऊन गेला होता. वास जाण्याचं तेव्हा कुणाला फार कौतुक नव्हतं. ज्याचा त्याचा जात होता आणि ज्याचा त्याचा परत येत होता. मदतनिशीचाही आला, पण वाकडा होऊन आला. कांद्याची फोडणी तिला चप्पल जाळल्यासारखी लागायची, हापूस ओल्या पुठ्ठ्यासारखा. बिचारी दही-भातावर दिवस काढत होती. माझा तर आलाच नाही. एकीचं नाक मुकं आणि दुसरीचं थापाडं, अशा दोन नाकांवर आमचा दवाखाना चालला होता.

‘डेंटिस्टला नाक लागतं कशाला?’ असं माझ्या नवऱ्यानेच विचारलं होतं. ‘डोळे आहेत, हात आहेत. नाक तर तुम्ही लोक मास्कमध्ये कोंडूनच ठेवता.’

लागतं. कशाला ते सांगते. दात आतून मेला की कुजतो आणि कुजला की त्याला वास येतो. रूट कॅनाल म्हणजे दुसरं काय, तर दाताच्या पोटातली मेलेली नस काढायची आणि ती राहत होती त्या केसासारख्या बारीक नळ्या घासूनपुसून स्वच्छ करायच्या. एका बैठकीत ते झालं नाही तर आत औषध भरतात, वर कापसाचा छोटा बोळा ठेवतात आणि दात तात्पुरता बंद करतात. पुढच्या वेळी उघडल्यावर पहिलं काम म्हणजे तो बोळा चिमट्याने काढायचा आणि हुंगायचा. आत घाण शिल्लक असेल तर बोळा सांगतो. दात साफ झाला असेल तर बोळ्याला कसलाही वास नसतो. हे पुस्तकात नाही. पुस्तक म्हणतं, दुखत नाही, नळी कोरडी आहे, एक्स-रे बरा आहे, तर भरून टाका. पण कॉलेजात आमचे सर बोळा नाकाशी नेल्याशिवाय दात बंद करू देत नसत, आणि आम्ही त्यांची मुलं आजही तेच करतो. पेशंटला दिसू नये म्हणून जरा पाठ वळवून करतो, एवढंच.

आणि मला आता कुठलाच बोळा काही सांगत नव्हता.

‘लस घेऊनही झालाच ना तुम्हाला?’ हा प्रश्न मी त्या वर्षी इतक्यांदा ऐकला की शेवटी शेवटी प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडात आरसा जरा जोरातच सरकवायला लागले. लोकांना वाटायचं, लस म्हणजे चिलखत. चिलखत घातलं तर बाण लागायलाच नको.

मला मात्र लसीचं नाव काढलं की कल्याणचा तो महापालिकेचा हॉल आठवतो. त्याआधीचं वर्ष आम्ही कसं काढलं होतं, हे आठवल्याशिवाय त्या हॉलचं महत्त्व कळायचं नाही. आमचं काम म्हणजे दुसऱ्याच्या उघड्या तोंडापासून वीतभर अंतरावर दिवस काढायचा. त्यात मशीनचा फवारा. सगळं जग ज्या थुंकीपासून पळत होतं त्या थुंकीच्या धुक्यात आम्ही डोकं घालून बसलो होतो. माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, टिटवाळ्याला दवाखाना चालवते, तिला त्या पहिल्याच वर्षी करोनाने गाठलं. लस तेव्हा कुठेच नव्हती. ती ऑक्सिजनवर होती. फोन कानाला लावायची नर्स, आणि पलीकडून मला मैत्रिणीचा एक शब्द ऐकू यायचा, मग बराच वेळ नुसता श्वास, मग दुसरा शब्द. कॉलेजात जिच्या बडबडीने लेक्चरं थांबायची, तिचं हे बोलणं ऐकून मी फोन ठेवला की बाथरूममध्ये जाऊन रडायचे. ती वाचली. पण पुढे कितीतरी महिने दात काढताना तिला मध्येच स्टुलावर बसावं लागायचं.

मग लस आली आणि आरोग्यवाल्यांना आधी म्हणून आमचा नंबर लागला. हॉलमध्ये खुर्च्या लांब लांब मांडलेल्या, सगळीकडे डेंटिस्ट. कल्याणचे, डोंबिवलीचे, उल्हासनगरचे. एकेकाने जन्मभरात किती हिरड्यांत सुया टोचल्या असतील देव जाणे. आणि सगळे घाबरलेले! माझ्या पुढचा एक दांडगा गृहस्थ शर्टाची बाही वर करता करता घामाने भिजला होता. टेबलामागची नर्स बाई थकलेली होती. ती त्याच्याकडे न बघताच म्हणाली, ‘काही नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल.’

सगळा हॉल हसायला लागला. हे वाक्य आमचं. दिवसातून किती वेळा आम्ही ते पेशंटला ऐकवतो, आणि ते खोटं असतं हेही आम्हाला ठाऊक असतं. नर्स बाईंना कळेना, या शिकल्यासवरल्या माणसांना झालंय काय. तो दांडगा गृहस्थ हसता हसता रडायला लागला आणि मग पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी डोळे पुसले.

माझी पाळी आली तेव्हा मी सुईकडे बघितलंच नाही. बघत होते त्या बाटलीकडे. अंगठ्याएवढी बाटली, बर्फाच्या डब्यातून काढलेली, अंगावर दव. वर्षभर आपण ज्याच्या भीतीने दाराच्या कड्या पुसत होतो, त्याला ओळखायचं कसं हे माझ्या रक्ताला शिकवणारं पाणी त्या बाटलीत होतं. कुठल्या कुठल्या देशांत, कुठल्या खोल्यांत माणसं झोपली नसतील त्यासाठी. आणि ते येऊन पोहोचलं होतं कल्याणला, एका डगमगणाऱ्या टेबलावर, जिथे पंख्याचा आवाज येत होता आणि कुणीतरी चहा आला का म्हणून विचारत होतं. देवळात गेल्यावर लोकांना जे वाटतं म्हणतात ते मला आजवर कधी नीटसं वाटलेलं नाही. तिथे वाटलं. मी दंडावर कापूस दाबून धरला आणि त्या नर्स बाईंना वाकून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, ‘अहो मॅडम, पुढे सरका, लाइन आहे.’

त्यानंतर काही महिन्यांनी करोना मला झाला. ताप आला, अंग मोडून निघालं, आठवडाभर खोलीत पडून होते. ऑक्सिजनची पाळी आली नाही. मी मैत्रिणीला फोन करून रडगाणं लावलं, वास नाही, चव नाही, दुपारनंतर डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं, साध्या अवजाराचं नाव तोंडात येत नाही, त्या टोकदारला काय म्हणतात ते आठवेना. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तुझं नाक गेलं, माझा श्वास गेला होता. बदली करतेस?’

नंतर आम्ही दोघी हसलो, पण ते वाक्य मी विसरले नाही. लस घेऊनही झालाच ना, असं कुणी म्हटलं की मी आता म्हणते, हो झाला, आणि तुमच्याशी भांडायला इथे उभी आहे.

पण उभं राहून उपयोग काय, हा प्रश्न बाटली फुटली त्या दिवसापासून मला खात होता. डोक्यातला कापूस हळूहळू निघत होता, हातात ताकद येत होती. नाक मात्र तसंच. आमच्या भागात कधीकधी संध्याकाळी रसायनांच्या कारखान्यांकडून तो कुप्रसिद्ध वास सुटतो. एकदा तो असा सुटला की अख्ख्या सोसायटीने खिडक्या बंद केल्या, ग्रुपवर तक्रारींचा पाऊस पडला, आणि मी बाल्कनीत बसून चहा पीत होते. खालून एक काकू ओरडल्या, ‘अगं, आत जा! मरशील!’ मी हात हलवला. त्यांना वाटलं असेल, बाईचं धैर्य केवढं.

शेवटी नवऱ्याने मला गाडीत घातलं आणि ठाण्याला, घोडबंदर रोडवरच्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. रस्ता नेहमीसारखा तुंबलेला. गाड्यांच्या धुराने नवरा खोकत होता आणि मी काच उघडी ठेवून बसले होते. डॉक्टर वयाने माझ्याहून लहान. त्यांनी नळी घालून नाकात बघितलं, मग कागदावर चेहऱ्याचं एक बाजूचं चित्र काढलं.

‘इथे,’ त्यांनी भुवयांच्या मधोमध, जरा आत पेन टेकवलं, ‘नाकाच्या छताला, नखाएवढ्या जागेत वासाच्या पेशी असतात. त्यांचं एक टोक बाहेरच्या हवेत आणि दुसरं थेट मेंदूकडे. तुमच्या त्या खराब झाल्यात. पण मॅडम, त्या परत उगवतात.’

‘परत उगवतात म्हणजे? नस परत उगवते?’

‘ही उगवते. आयुष्यभर जुनी मरते, नवी येते. वेळ लागतो. कधीकधी चुकीच्या तारा जुळतात, मग भलताच वास येतो. खात्री कुणीच देऊ शकत नाही. पण उगवतात.’

परतीच्या वाटेवर गाडी जागची हलत नव्हती आणि माझ्या अंगावर काटा आला होता. सगळं आयुष्य मी मेलेल्या नसा ओढून काढत आले. दाताची नस मेली की मेली. तिच्यापुढे आम्ही सगळे हात टेकलेले, आमचा धंदाच तिच्या मरणावर उभा. आणि वरच्या दाढेपासून चार बोटं वर, त्याच चेहऱ्यात, त्याच हाडाच्या पलीकडे, नसा गवतासारख्या मरत होत्या आणि उगवत होत्या. कुणाला न सांगता. मी झोपलेली असताना, पेशंटवर ओरडत असताना, भाजी निवडत असताना. कॉलेजात हे मला शिकवलं असणार, परीक्षेत मी लिहिलंही असणार, पण कळलं आत्ता, माजिवड्याच्या सिग्नलला अडकून पडल्यावर.

डॉक्टरांनी व्यायाम दिला होता. नाकाचा व्यायाम. चार बरण्या करायच्या, लिंबू, गुलाब, निलगिरी आणि लवंग. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक बरणी हुंगायची आणि हुंगताना तो वास आठवायचा. लवंग ऐकून मला हसूच आलं. इतकी वर्षं माझ्या कपड्यांना, केसांना, पर्सला लवंगेचा वास यायचा. मुलगा लहान असताना माझ्या पदरात तोंड खुपसून म्हणायचा, आई, तू मसालेभातासारखी आहेस. आणि आता मी रोज लवंगेची बरणी नाकाशी धरून डोळे मिटून बसायचे, तर आत नुसती काच.

दवाखान्यात मदतनिशीसाठीही तशाच बरण्या केल्या. दुपारी पेशंट नसले की आम्ही दोघी खुर्च्या समोरासमोर ओढून बसायचो.

‘लिंबू,’ मी म्हणायचे. ‘काय येतंय?’

‘फिनेल. तुम्हाला?’

‘काही नाही.’

‘बरंय तुमचं,’ ती म्हणायची. ‘मला तर गुलाबाला मेलेल्या उंदराचा येतो. वर नवरा बोलतो, नाटकं करते.’ आणि तरी ती ती बरणी परत परत नाकाशी न्यायची, तोंड वाकडं करून. तिच्या चिकाटीचं मला फार नवल वाटायचं. मला निदान घाण तरी सोसायला लागत नव्हती.

याच दिवसांत बाई आल्या. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. जन्मभर मराठी शिकवलेल्या, आता पंच्याहत्तरीच्या पुढच्या. अर्धी डोंबिवली त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे रस्त्यात भेटलेल्या कुणालाही त्या अगं-अरे करतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. त्यांची खालची डावीकडची शेवटची दाढ आतून मेली होती. त्या बाजूला तेवढी एकच उरलेली, आणि त्यांच्या कवळीचा आकडा तिच्यावरच अडकवलेला. ती गेली तर कवळी बसायला जागा नाही, म्हणजे भाकरी बंद, पेज सुरू.

‘मला पेज आवडत नाही,’ बाईंनी सांगितलं. ‘तेव्हा तू काय ते नीट कर.’

दाढ उघडली, साफ केली, औषध भरलं, बोळा ठेवला, बंद केली. पुढच्या वेळी बोळा काढला आणि सवयीने पाठ वळवून नाकाशी नेला. काही नाही. आता हे काही नाही दाढेचं की माझ्या नाकाचं? चांगल्या दाढेची खूण आणि माझ्या रोगाची खूण एकच होती. आजवर हा विचार माझ्या मनात आला नव्हता. मी चिमटा मदतनिशीपुढे केला. तिने हुंगलं.

‘जळका कांदा.’

‘अगं, तुला सगळ्यालाच जळका कांदा येतो.’

‘मग मला विचारता कशाला?’

‘काय चाललंय तुमचं दोघींचं?’ खुर्चीवरून बाईंचा आवाज आला. तोंडात कापूस असतानाही त्या आवाजाने आम्ही दोघी शाळेतल्यासारख्या सरळ उभ्या राहिलो. मी सगळं सांगून टाकलं. करोना, नाक, बोळा, कॉलेजचे सर, सगळं. बाईंनी ऐकून घेतलं आणि हात पुढे केला.

‘दाढ माझी, तोंड माझं, आणि विचारताय एकमेकींना. दे इकडे. मी हुंगते.’

आजवर कुठल्याही पेशंटने माझ्याकडे असलं काही मागितलेलं नाही. मी चिमटा त्यांच्या नाकाशी धरला. बाईंनी डोळे मिटले, शुद्धलेखन तपासावं तसं तोंड करून हुंगलं आणि निकाल दिला, ‘कुजकट.’ मग जरा थांबून, ‘शी! हे माझ्या तोंडात होतं?’

तेव्हापासून बाई माझं नाक झाल्या. मी दाढ उघडायची, त्यांनी हुंगायचं. पुढच्या खेपेला म्हणाल्या, ‘कुबट. पावसाळ्यात सतरंजी वाळली नाही की येतो तसा.’ त्याच्या पुढच्या खेपेला बराच विचार करून, ‘आंबूस. दह्याचा नाही, आंबवून विसरलेल्या पिठाचा.’ मी थक्क होऊन ऐकत असायचे. मला आजवर दोनच वास माहीत होते, आहे आणि नाही. या बाईंनी माझ्याच कामातले जिने मला उलगडून दाखवले. दाढ पायरी पायरीने बरी होत होती आणि प्रत्येक पायरीला मराठीत शब्द होता.

मग एका खेपेला बाईंनी हुंगलं, परत हुंगलं आणि म्हणाल्या, ‘काही नाही.’

‘नक्की?’

‘काही नाही म्हणजे काही नाही.’

दुखत नव्हतं. नळ्या कोरड्या होत्या. एक्स-रे बरा होता. आणि माझा हात पुढे होईना. बाईंचं वय, त्यांचं नाक, त्यांनाही आत कुठे काही झालेलं असेल तर? एकदा कायमची भरली की आतली घाण आतच, आणि वर्षभराने गाल सुजून बाई पेज खात बसणार. मी परत औषध भरलं आणि परत तात्पुरती बंद केली.

बाई खुर्चीवरून उतरल्या, चपला घातल्या, दारापाशी गेल्या आणि वळल्या. ‘तुझा विश्वास माझ्यावर नाही की स्वतःवर?’ एवढं म्हणून जिना उतरून गेल्या.

त्या संध्याकाळी मी दवाखान्यात दिवे न लावता बसून राहिले. त्या दिवसांत खालच्या रस्त्यावर एक तरुण डेंटिस्ट जागा शोधत होता, त्याचं दोनदा विचारून झालं होतं की मॅडम, दवाखाना चालवायला देणार का. मी मनाशी ठरवलं की बाईंची ही दाढ जर मला बंद करता आली नाही तर पुढची कुठलीच येणार नाही. मग हा उंबरठा त्या मुलाला द्यायचा. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो नेहमीसारखी चेष्टा करेल असं वाटलं होतं. त्याने नुसती माझ्यापुढे लवंगेची बरणी सरकवली.

बाई पुढच्या आठवड्यात आल्या त्या थेट आ करून बसल्या. मी बोळा काढला, त्यांच्या नाकाशी धरला. त्यांनी मान हलवली. काही नाही. मी मास्क खाली ओढून माझ्याही नाकाशी नेला. काही नाही. बोळा ट्रेमध्ये ठेवला.

‘भरायचं सामान काढ,’ मी मदतनिशीला म्हटलं. माझा आवाज मला परका वाटला. पुस्तक म्हणतंय भर, एक्स-रे म्हणतोय भर, बाई म्हणतायत भर. तर भरायचं, आणि आयुष्यभर या दाढेची काळजी करत बसायचं, असं मी ठरवलं होतं.

नळ्या कायमच्या भरायच्या असल्या की पांढरी पूड लवंगेच्या तेलात घोटून लेप करावा लागतो. आमच्याकडे ते अजून हाताने करतात, काचेच्या तुकड्यावर, पात्याने, घोटून घोटून. मदतनिशीने तोंड वाकडं करून रॉकेलच्या वासात ते घोटलं. लेप जमला का ते बघायला पातं वर उचलायचं आणि तार निघते का पाहायचं. तार बघायला मी वाकले.

आधी वाटलं, आठवणच आहे. बरण्या हुंगून हुंगून आठवणीलाच वास यायला लागला असेल. मी मागे सरले. गेला. परत वाकले. आला. बारीक, लांबून, बंद दाराच्या पलीकडे कुणीतरी मसाला कुटत असावं तसा. पण तिखट, पण गरम. लवंग! माझ्या कपड्यांतली, माझ्या केसांतली, मुलाच्या मसालेभातातली लवंग. चार बोटं वर कुठेतरी, मला न विचारता, एक नस उगवून आली होती आणि तिने दुसऱ्या कुणाचा नाही, माझ्या कामाचा वास उचलून आणला होता. त्या नखाएवढ्या जागेपुढे मी कुठे डोकं टेकवणार होते?

‘मॅडम, सुकेल लेप,’ मदतनीस म्हणाली, आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, ‘काय झालं? आला? खरंच आला?’ तिचे डोळे भरून आले. तिने घाईघाईने काच स्वतःच्या नाकाशी नेली, आशेने, आणि मान हलवली. ‘माझं रॉकेलच आहे अजून. पण येईल. तुमचा आला ना.’

‘अगं, दाढ वाईट निघाली का? रडतेस काय?’ बाई खुर्चीत उठून बसल्या होत्या.

मी ट्रेमधला बोळा चिमट्याने उचलला आणि त्यांच्यासमोरच, पाठ न वळवता, नाकाशी नेला. मग लेपावर वाकले. लवंग. परत बोळा. परत लवंग. परत बोळा, डोळे मिटून, पोटापर्यंत श्वास ओढून.

‘काय येतंय?’ बाईंनी विचारलं.

‘काही नाही, बाई,’ मी म्हटलं. ‘काही नाही म्हणजे काही नाही.’

आणि मी दाढ भरायला घेतली.